टाकीचा दादरा

माझे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, जगातल्या प्रत्येक गोष्टीला घाबरत असत. हे वाक्य लिहून मी थांबलो, कारण ते फार वाढवून सांगितल्यासारखं वाटलं. काही दिवसांनी पुन्हा वाचलं, तर त्यात एकच दुरुस्ती सुचली: जगात नसलेल्या गोष्टींनाही ते घाबरत. भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, मी स्वतः त्यांतलाच एक आहे. पण आम्हा बाकीच्यांची भीती आळशी असते. ती आली की आम्ही पांघरूण डोक्यावरून घेतो. भावोजींची भीती उद्योगी होती. ती सकाळी त्यांच्याआधी उठायची आणि दिवसभर त्यांना कामाला लावायची. मिनेसोटातल्या त्यांच्या घरी ताई फोडणी करायला लागली की ते पेपर बाजूला ठेवून स्वयंपाकघरात येत, खिडकी उघडत, आणि लाल रंगाचा फायर एक्स्टिंग्विशर काखेत धरून तिच्या मागे उभे राहत. मोहरी तडतडली की त्यांच्या भुवया उडत. "झालं?" ते विचारत. "हिंग राहिलाय," ताई म्हणे. "टाक, मी आहे," ते म्हणत. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा घरात काहीतरी पेटलंय असंच मला वाटलं होतं. ताईनं मागं वळूनही पाहिलं नाही. "राहू दे रे त्यांना तिथं," ती म्हणाली. "ते मागे असले की माझी फोडणी करपत नाही." हिवाळ्यात घसरायला नको म्हणून ते घरापुढच्या वाटेवर इतकं मीठ पसरत की तिला विचारावं लागे, "अहो, तिथनं चालायचंय की तिथं लोणचं घालायचंय?"

लोणच्याचा विषय निघाला आहे तर दादऱ्याबद्दल सांगायला हवं. लहानपणी त्यांच्या घरी कैरीचं लोणचं घातलं की चिनी मातीच्या बरणीच्या तोंडावर पांढरं फडकं ताणून सुतळीनं आवळायचं, म्हणजे दादरा बांधायचं काम आईनं त्यांच्याकडे दिलेलं होतं. त्या घरात लोणच्याला कधी बुरशी आली नाही, आणि याचं सगळं श्रेय भावोजी मिठाला किंवा तेलाला न देता दादऱ्याला देत. पुढं माणूस अमेरिकेत आला, बरण्यांना घट्ट फिरकीची झाकणं आली, पण त्यांचा झाकणांवर विश्वास बसला नाही. "झाकण कंपनीचं असतं, मेहुणेबुवा," ते मला म्हणत, "दादरा आपला असतो." त्यामुळे मधाच्या बाटलीला दादरा, शाम्पूला दादरा, कानात घालायच्या थेंबांच्या इवल्या बाटलीलाही रुमालाच्या तुकड्याचा दादरा. फडक्याखाली प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यावर रबरबँड, आणि सगळ्यावर सुतळी. मी रात्री टेबलावर चष्म्याचं घर ठेवून झोपलो, तर सकाळी त्याला रबरबँड लावलेला असे. एकदा भारतात जाताना विमानतळावर तपासणीच्या बाई त्यांच्या बॅगेच्या गाठी सोडवून सोडवून थकल्या आणि म्हणाल्या, "सर, व्हॉट आर यू सो अफ्रेड ऑफ?" भावोजींनी प्रामाणिकपणे सांगायला सुरुवात केली, आणि आमचं विमान चुकता चुकता राहिलं.

हवेवर त्यांचा असाच पहारा असे. ज्या गावात नात्यातलं माणूस, त्या गावचं हवामान त्यांच्या फोनवर. बेलव्ह्यूच्या पुतण्याला वाऱ्याची वर्दी जायची, फ्रिस्कोच्या मावसबहिणीला गारांची. एकदा त्यांच्या सांगण्यावरून तिनं गाडी आत घेतली आणि खरोखर लिंबाएवढ्या गारा पडल्या. सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं, पण ते आनंदले नाहीत. "आता तिला वाटेल, दर वेळी मी सांगेन," ते म्हणाले. "एखाद्या वेळी चुकलो तर?" मी अमेरिकेच्या पूर्वेला, पार्सिपनीत, एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो, माझ्या आयुष्यात हवामानाला फारसं काम नाही. तरी मला रोज निरोप येई, 'दुपारनंतर पाऊस. पुस्तकं घेऊन चालत जाऊ नये.'

आणि या सगळ्या काळजीचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची मनू. अशा बापाच्या मुलीनं काय शिकावं? तिनं गोठलेल्या तळ्यांतल्या माशांचा अभ्यास करायचं ठरवलं. विद्यापीठाच्या कामासाठी ती मिनेसोटाच्या पार उत्तरेला, एका मोठ्या तळ्याच्या पलीकडच्या काठावर लाकडी केबिनमध्ये राहायला गेली. उन्हाळ्यात तिथं नावेनं जायचं, आणि हिवाळ्यात तळं गोठलं की बर्फावरून स्नोमोबिलनं, म्हणजे चाकांऐवजी पट्ट्यावर पळणाऱ्या मोटरसायकलसारख्या मशिननं. भावोजी तिला सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तिच्याच तळ्याचं हवामान पाठवू लागले. केबिनमधलं इंटरनेट मर्जीनं चालायचं, त्यामुळे कधी तिन्ही निरोप एकदम पोचत. शेवटी एका रविवारी ती फोनवर म्हणाली, "बाबा, बास. इथलं वेदर मला खिडकीतून दिसतं. आय मीन इट. रोज नका ना करू." ताई म्हणाली, त्या दिवशी ते फोडणीच्या वेळी आलेच नाहीत. नंतरचा अख्खा हिवाळा बापलेकीत फारसं बोलणं नव्हतं. भांडण असंही नव्हतं. तिला वाटे, बाबा रागावलेत. यांना वाटे, आता फोन केला तर ती उचलायचं बंद करील. आणि त्या भीतीवर मात्र त्यांना काही उपाय सापडत नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात मी तिकडे गेलो, तेव्हा गॅरेजमध्ये एक जुनं पिवळं स्नोमोबिल उभं होतं. शेजारचा माणूस फ्लोरिडाला कायमचा राहायला गेला, त्याच्याकडून भावोजींनी ते घेतलं होतं. मी चकित झालो. "दुसऱ्याच्या मशिनवर बसायची मला भीती वाटते," त्यांनी खुलासा केला, "म्हणून आपलंच घेतलं." मनूच्या केबिनवर जायचं ठरलं होतं, आणि तिनं न्यायला येते म्हणून सांगितलं होतं. यांनी तिला निक्षून बजावलं होतं: तू एकटी बर्फावर यायचं नाहीस, आम्हीच चार वाजेपर्यंत पोचतो. ताईचे गुडघे त्या मशिनवर बसण्याजोगे नव्हते, म्हणून सोबतीला माझी नेमणूक झाली. त्यांनी मशिनचं माहितीपुस्तक एखाद्या पोथीसारखं वाचलं होतं. टाकीच्या झाकणावर बोट ठेवून ते मला म्हणाले, "हे बघा. झाकणाला भोक ठेवलंय! बर्फ जाणार नाही का आत?" आणि मी काही म्हणायच्या आत त्या भोकाचा बंदोबस्त झालेलाही मला दिसला. पेट्रोलच्या टाकीला पिशवी, रबरबँड, फडकं आणि सुतळी असा पूर्ण इतमामानं दादरा बांधलेला होता. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. त्या घरात दादरा नसलेली वस्तू दिसली असती तर वाटलं असतं.

मशिन ट्रेलरवर घालून आम्ही तळ्यापर्यंत आलो आणि दुपारचं जेवून काठावरून निघालो. भावोजींनी स्वतःच्या आणि माझ्या कमरेला एकच नायलॉनची दोरी बांधली होती. "तुम्ही मागच्या मागे पडलात तर मला कळायला हवं," ते म्हणाले. मी विचारलं, "आणि मशिनच बर्फाखाली गेलं तर?" त्यांनी बराच विचार केला. "मग निदान एकमेकांची सोबत," ते म्हणाले.

सुरुवातीला सगळं छान चाललं. तळ्यावर दोन्हीकडे पाईनच्या फांद्या रोवून वाट आखलेली होती. तळ्याच्या मध्यावर, जिथून कुठलाच काठ जवळ नाही अशा जागी, इंजिनचा आवाज एकदम पातळ झाला. भावोजींनी थ्रॉटल पूर्ण दाबला, तर वेग वाढायच्या ऐवजी उतरतच गेला. जिना चढताना दम लागलेल्या माणसासारखं ते मशिन दोनचार पावलं कसंबसं पुढं गेलं आणि थांबलं. आणि मग जी शांतता झाली तिला मी आजही घाबरतो. पापण्यांना बर्फ चिकटत होतं. श्वास घेतला की नाकातले केस ताठ होत. आणि मग आमच्या पायांखाली, खूप खोल, काहीतरी गुरगुरलं. थंडी वाढली की तळ्यावरचं बर्फ ताणलं जातं आणि असा आवाज होतो, हे मी वाचलेलं होतं. वाचलेल्याचा त्या क्षणी काही उपयोग झाला नाही. मी दोरी घट्ट धरली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला भावोजी थरथरत होते, ते मला दोरीतून कळत होतं.

फोनला रेंज नव्हती. मी म्हटलं, "भावोजी, इथंच थांबू या. आपण पोचलो नाही की मनू येईलच शोधायला."

ते माझ्याकडे वळले. मफलरच्या वर त्यांचे डोळेच दिसत होते. "तेच तर," ते म्हणाले. "येईल ना ती. एकटी. तोवर अंधार पडेल. नदी जिथं तळ्यात येते तिथलं बर्फ पातळ असतं, मेहुणेबुवा, आणि ती मला शोधायला घाईनं येईल." मग हातमोजा काढून त्यांनी बॉनेटच्या कड्या उघडल्या. बोटं थंडीनं इतकी ताठली होती की एकेक कडी त्यांना दोनदा धरावी लागली.

भावोजींची नोकरी सॉफ्टवेअर तपासायची होती, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेलं कुठं कुठं मोडेल हे आधी शोधून ठेवायची. अशा माणसाला पगार देणारी एक अख्खी कंपनी होती, याचं ताईला कायम आश्चर्य वाटे. त्यांचा एक नियम होता, तो घरातही चाले: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि चालू झालं, तर कशामुळे चालू झालं ते कधीच कळत नाही. ताईचा कुकर वाफ धरेना, तेव्हा त्यांनी एका दिवशी फक्त शिटी बदलली, दुसऱ्या दिवशी फक्त रिंग, तिसऱ्या दिवशी जुनी शिटी परत लावून पाहिली, आणि तो आठवडाभर आम्ही कच्ची डाळ चावून खाल्ली. त्याच नियमानं आता, त्या बर्फावर, ते कामाला लागले. इंजिनची ताकद पट्ट्यावर पोचवणारा बेल्ट बोटानं चाचपला, धड होता. हवा आत घेणाऱ्या तोंडाशी बर्फ साचलंय का पाहिलं, नव्हतं. इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग काढून पुसले आणि परत बसवले. मग स्टार्टरची दोरी ओढली. इंजिन लगेच सुरू झालं.

"प्लग!" ते ओरडले. मी त्यांना मिठी मारली असती, पण दोरी पायात आली.

थोडंच अंतर गेलो आणि पुन्हा तेच. आवाज पातळ, दम गेला, गुरगुरणारं तळं. सूर्य झाडांच्या शेंड्यांपाशी आला होता. बर्फावर आमच्या सावल्या लांबच लांब पडल्या होत्या. भावोजींनी पुन्हा प्लग काढले आणि डोळ्यांजवळ नेले. "कोरडे आहेत," ते म्हणाले. "म्हणजे ठिणगीचा दोष नाही. पेट्रोलच येत नाहीये. टाकी तर पूर्ण भरली होती मी. गळली की काय?" ते पाहायला टाकी उघडणं भाग होतं. त्यांनी सुतळीच्या गाठी दातांनी सोडवल्या, फडकं काढलं, रबरबँड काढला, पिशवी काढली आणि झाकण फिरवलं. सुस्स असा आवाज करून टाकीनं हवा ओढून घेतली. आत पेट्रोल भरपूर होतं. "मग काय झालंय याला?" ते म्हणाले, आणि झाकण लावून, त्यावर पिशवी, रबरबँड, फडकं आणि सुतळी, असं सगळं तितक्याच टापटिपीनं परत बांधून टाकलं. त्या थंडीत, त्या ताठलेल्या बोटांनी. मी पाहत होतो आणि मलाही काही खटकलं नाही. स्टार्टर ओढला, इंजिन गर्जना करून सुरू झालं, आणि आम्ही चांगले लांब गेलो. पलीकडच्या काठावरची झाडं वेगवेगळी दिसू लागली. तिथं ते तिसऱ्यांदा बंद पडलं.

या वेळी भावोजी खाली उतरले नाहीत. हँडलवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले.

"मेहुणेबुवा," ते हळूच म्हणाले, "मघाशी आपण काय बदललं होतं?"

"काही नाही. नुसती टाकी पाहिली."

"पाहायला काय केलं?"

"दादरा सोडला."

"आणि मग?"

"परत बांधला."

त्यांनी खाली टाकीकडे पाहिलं. पेट्रोल खर्च होईल तशी टाकीत बाहेरची हवा यावी लागते, आणि ती यावी म्हणूनच झाकणाला ते बारीक भोक असतं; हे आम्हा दोघांच्याही डोक्यात एकाच वेळी उतरलं असावं. हवेला आत जायला वाट नसल्यामुळे इंजिन जितकं धावे तितकं पेट्रोल मागेच धरून ठेवलं जाई. थांबलं की कुठल्यातरी फटीतून थोडी हवा शिरे, आणि ते पुन्हा थोडं चाले. मशिनमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं.

"मीच केलं हो हे," भावोजी म्हणाले. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "मीच आवळून ठेवलं होतं."

"सोडा आता," मी म्हटलं. "लवकर."

त्यांनी फडकं सोडलं, पिशवी काढली, आणि नुसत्या झाकणाकडे पाहत राहिले. वारा सुटला होता. बर्फाचे कण त्या झाकणावरून सरसरत जात होते. त्यांचा हात दोनदा फडक्याकडे गेला. "बर्फ जाईल आत," ते म्हणाले.

"झाकण आहे ना."

"झाकण कंपनीचं आहे."

"असू दे," मी म्हटलं.

माणसाला निर्णय घ्यायला किती वेळ लागू शकतो ते मी त्या दिवशी पाहिलं. तळं पुन्हा गुरगुरलं. त्यांनी काठाच्या दिशेनं एकवार पाहिलं, फडक्याची व्यवस्थित घडी केली, ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, आणि स्टार्टरची दोरी ओढली. उरलेली सगळी वाट ते एका हातानं मशिन चालवत होते. दुसरा हात त्या उघड्या झाकणाच्या वर, त्याला न टेकता, आडोशासारखा धरलेला होता.

काठ जवळ आला तेव्हा अंधारून येत होतं. पाण्याच्या, म्हणजे बर्फाच्या, अगदी कडेला एक दिवा हलताना दिसला. मनू स्वतःचं स्नोमोबिल चालू करून, हेल्मेट घालून निघतच होती. आम्हाला पाहून तिनं इंजिन बंद केलं आणि धावत आली. "चार म्हणाला होतात बाबा! यू स्केअर्ड मी! कुठं होतात? मी निघालेच होते आता!"

भावोजींनी तोंड उघडलं. काय येणार ते मला पाठ होतं: एकटी कशी निघालीस, नदीकडचं बर्फ, हातमोजे का नाहीत, कान का उघडे. ते सगळं त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं मी पाहिलं. मग त्यांनी तोंड मिटलं, गिळलं, आणि म्हणाले, "हेल्मेट छान आहे."

मनू त्यांच्याकडे पाहतच राहिली. त्यानंतर केबिनमध्ये शेगडीपाशी बसून तिनं सगळी हकीकत ऐकली, तेव्हा ती हसून हसून लोळली. "टाकीला दादरा? मामा, तू बघत बसलास? यू टू आर इम्पॉसिबल." मग भावोजींनी खिशातून ते फडकं काढून दाखवलं. त्याला पेट्रोलचा वास येत होता. तिनं ते धुतलं आणि शेगडीवर वाळत टाकलं. परत मात्र दिलं नाही. तिच्या खिडकीतल्या लोणच्याच्या बाटलीवर ते पुढं मी पाहिलं.

त्यानंतर भावोजींनी मुलीला पुन्हा कधी हवामान पाठवलं नाही. अर्थात भीती गेली नव्हती, तिचा पत्ता बदलला होता. रोज सकाळी मला पार्सिपनीत निरोप येई: 'मनूकडे आज उणे बावीस. वारा उत्तरेचा. तिला सांगायचं नाही, तुम्हाला सांगून ठेवतो.' मीही ते वाचून ठेवत असे. मनू मात्र दर रविवारी स्वतःहून फोन करू लागली, आणि फोन सुरू असताना भावोजी फायर एक्स्टिंग्विशर बाजूला ठेवत, असं ताई सांगे.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. दुपारी जेवून खुर्चीत वाचत बसले होते, तसेच. आगीनं नाही, बर्फानं नाही, गारांनी नाही. आयुष्यभर ज्या ज्या गोष्टींवर त्यांनी पहारा दिला, त्यांतली एकही त्यांच्या अंगावर आली नाही. ताई अजून फोडणी करताना हिंग टाकायच्या आधी क्षणभर थांबते. मी तिच्याकडे असलो तर मागं जाऊन उभा राहतो, पण मला तसं उभं राहता येत नाही.

तळं गोठल्यावर या हिवाळ्यात एका सकाळी माझा फोन वाजला. निरोप मनूचा होता. 'मामा, पार्सिपनीत आज खूप वारा आहे. कान बांधून जा.' दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, आणि तेव्हापासून रोज येतो. मी उठतो, पडदा सरकवतो, झाडं वाकलेली असतात. मग तिला लिहितो, 'बरं झालं सांगितलंस.' इथलं वेदर मला खिडकीतून दिसतं, हे मी तिला सांगितलेलं नाही.